दूर पल्ल्याची रायफल नेमबाजी : तंत्राची मीमांसा आणि ग्रामीण महाविद्यालयांतील प्रशिक्षणाची दिशा

सारांश :

दूर अंतरावरील लक्ष्यवेध हा तीक्ष्ण दृष्टीचा, उपजत देणगीचा किंवा महागड्या शस्त्राचा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात भूमिती, शरीरविज्ञान, संख्याशास्त्र व हवामानशास्त्र या चार अंगांनी या समजाची तपासणी केली आहे. नेमबाजीतील प्रगती म्हणजे एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत होणारे बदल क्रमाक्रमाने कमी करत जाणे होय, हे लेखाचे प्रतिपादन आहे. या कामाचा मोठा भाग काडतुसाविना आणि रेंजविना करता येतो. त्यामुळे परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे शास्त्र पद्धतशीरपणे शिकविणे शक्य आहे.

बीजशब्द : रायफल नेमबाजी, नैसर्गिक रोख, ग्रुपिंग, वाऱ्याचे विचलन, कोरडा सराव, राष्ट्रीय छात्र सेना.

प्रस्तावना :

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची समृद्ध परंपरा लाभली आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष व लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी कुटुंबातील होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांच्या परिचयाची आहे. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आणि सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले. रुद्रांक्ष पाटील हा २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता ठरला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

ही नावे पाहिली असता मुंबई, ठाणे, पुणे व कोल्हापूर या पट्ट्याचे वर्चस्व सहज लक्षात येते. मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थ्याचा रायफलीशी पहिला संबंध बहुधा राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात येतो. मोजक्या गोळ्या झाडल्या जातात, लक्ष्यपत्रावरील छिद्रे मोजली जातात आणि विद्यार्थी 'चांगला' किंवा 'वाईट' नेमबाज ठरून घरी परततो. आपली गोळी डावीकडे का गेली, वर का गेली, याचे उत्तर त्याला क्वचितच मिळते. वस्तुतः अंजली भागवत यांची वाटचालही राष्ट्रीय छात्र सेनेतूनच सुरू झाली. पहिला संपर्क तोच असेल, तर त्यापुढची पायरी कोणती, हा प्रश्न शारीरिक शिक्षण संचालक, छात्रसेना अधिकारी आणि विज्ञान शाखेचे अध्यापक या सर्वांच्या विचारकक्षेतील आहे.

१. पल्ला, लक्ष्य आणि कोन :

'दूर पल्ला' ही संज्ञा सापेक्ष आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा नेमबाजीत रायफलीसाठी १०, ५० व ३०० मीटर ही अंतरे प्रचलित आहेत. इंग्लंडमधील बिसली येथील पारंपरिक स्पर्धांत १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरावरूनही नेम साधला जातो. अंतर कोणतेही असो, नेमबाजासमोरील मूळ अडचण कोनाची असते.

५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. ३०० मीटरच्या लक्ष्यावर तोच व्यास १०० मिलिमीटर आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट कोन. हा कोन ५० मीटरवर सुमारे १४.५ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ८७ मिलिमीटर व्यापतो. या मापाने ५० मीटरचे दशक सुमारे ०.७ मिनिटांचे, तर ३०० मीटरचे सुमारे १.१५ मिनिटांचे ठरते. म्हणजे केवळ कोनाचा विचार केल्यास ५० मीटरचे लक्ष्य अधिक कठोर आहे. ३०० मीटरवरील खरी अडचण गोळीला लागणारा वेळ आणि त्या वेळात तिच्यावर होणारा वाऱ्याचा परिणाम ही आहे. म्हणूनच लांब अंतराची पूर्वतयारी जवळच्या रेंजवर करता येते. जवळच्या अंतरावर कोनाची शिस्त अंगी बाणवावी आणि नंतर वाऱ्याचा अभ्यास करावा, असा क्रम त्यातून निघतो.

याच भूमितीतून दुसरी महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. रायफलीच्या पुढच्या व मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे असे मानू. दोन साइट एका रेषेत आणताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर गोळी ५० मीटरवर सुमारे ६ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ३७ मिलिमीटर बाजूला जाते. याउलट दोन्ही साइट अचूक जुळलेल्या असून संपूर्ण रायफल स्वतःशी समांतर राहून ५ मिलिमीटर सरकली, तर गोळीही तेवढीच, म्हणजे ५ मिलिमीटरच सरकते. लक्ष्यावरील नजरेपेक्षा साइटच्या जुळणीला अधिक महत्त्व का द्यायचे, हे यावरून समजते.

गोळी सरळ रेषेत जात नाही, हेही विद्यार्थ्याला सांगणे आवश्यक आहे. पॉइंट टू टू रायफलीची गोळी नळीतून सुमारे ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. ५० मीटर जाण्यास तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे १२ ते १३ सेंटिमीटर खाली येते. साइटची उंची वाढविणे म्हणजे नळीला दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखणे होय. पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात प्रक्षेप्य गती शिकविताना हे उदाहरण उपयुक्त ठरेल.

२. शरीरस्थिती आणि नैसर्गिक रोख :

सैनिकी व छात्रसेनेच्या प्रशिक्षणात नेमबाजीची चार तत्त्वे सांगितली जातात. शरीरस्थिती व पकड रायफलीला आधार देण्याइतकी भक्कम असावी. रायफल विनासायास लक्ष्याकडेच रोखलेली असावी. साइटची जुळणी व नेम बिनचूक असावा. गोळी सुटताना आणि सुटल्यानंतरही शरीरस्थितीत व्यत्यय येऊ नये. या चारपैकी दुसरे तत्त्व सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

स्नायूंच्या बळावर रोखून धरलेली रायफल काही सेकंदांतच कंप पावू लागते. म्हणून वजन शक्य तेवढे हाडांवर आणि जमिनीवर सोपवावे लागते. झोपून नेम धरताना उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली येतो. पट्टा दंडापासून हातापर्यंत ताणलेला राहतो, त्यामुळे रायफल पेलण्यासाठी दंडाच्या स्नायूंना काम उरत नाही. गुडघ्यावर बसताना डावा कोपर डाव्या गुडघ्यावर टेकतो आणि शरीराचा भार टाचेखालील गुंडाळीवर येतो. उभ्या स्थितीत पट्टा वापरण्यास परवानगी नसते. तेथे डावा कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीच्या बाजूस टेकवून रायफलीचे वजन पायांपर्यंत पोचवावे लागते. स्पर्धेतील रायफलीचे वजन ८ किलोग्रॅमपर्यंत असू शकते, हे ध्यानात घेतल्यास या रचनेचे महत्त्व पटते.

स्थिती घेतल्यावर नैसर्गिक रोख तपासावा. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास सावकाश घ्यावेत, अंग सैल सोडावे आणि मग डोळे उघडावेत. साइट लक्ष्यापासून सरकलेली दिसल्यास हाताने ढकलून ती परत आणू नये. झोपलेल्या स्थितीत डावा कोपर जागीच ठेवून कंबर व पाय सरकवावेत. उभ्या स्थितीत पायांची जागा बदलावी. हाताने ढकलून साधलेला नेम गोळी सुटण्याच्या क्षणी, स्नायू सैल होताच, मूळ जागी परत जातो. नेम बरोबर असूनही गोळी नेहमी एकाच बाजूला जाते, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वप्रथम ही चाचणी घ्यावी.

पॅरिस ऑलिंपिकमधील आकडे या संदर्भात बोलके आहेत. पात्रता फेरीत कुसाळे यांनी प्रत्येक स्थितीतील २० गोळ्यांत २०० पैकी अनुक्रमे गुडघ्यावर १९८, झोपून १९७ व उभे राहून १९५ असे एकूण ५९० गुण मिळविले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत प्रवेश केला. अंतिम फेरीत गुडघ्यावरील १५ गोळ्यांनंतर त्यांचे १५३.३ गुण होते. झोपून झाडलेल्या १५ गोळ्यांनंतर ते ३१०.१ झाले आणि शेवटी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक निश्चित झाले. त्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला उभ्या स्थितीत १४ गोळ्या मिळाल्या. त्यानुसार प्रतिगोळी सरासरी गुडघ्यावर १०.२२, झोपून १०.४५ व उभे राहून १०.०९ येते.

५० मीटरच्या लक्ष्यावर एका गुणाचे अंतर ८ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने लक्ष्यमध्यापासूनचे सरासरी अंतर झोपून सुमारे ४ मिलिमीटर आणि उभे राहून सुमारे ७ मिलिमीटर पडते. माणूस, डोळा, रायफल व दिवस सारे तेच असताना हा फरक पडतो. झोपलेल्या स्थितीत आधार सर्वाधिक असतो, उभ्या स्थितीत सर्वांत कमी. जागतिक दर्जाच्या नेमबाजाच्या बाबतीतही लक्ष्यावरील अंतर शरीराला मिळालेल्या आधारानुसार बदलते, ही बाब प्रशिक्षकाने विसरू नये.

३. दृष्टी, श्वास आणि चाप :

डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट केंद्रित होऊ शकतो. साइट व लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसावीत हा आग्रह निसर्गाला मान्य नाही. म्हणून नजर पुढच्या साइटवर स्थिर करावी आणि लक्ष्य किंचित धूसर दिसू द्यावे. मागच्या साइटचे बारीक छिद्र डोळ्यात येणारे किरण मर्यादित करते, त्यामुळे ही धूसरताही कमी होते. एक डोळा घट्ट मिटल्याने चेहऱ्याच्या स्नायूंवर ताण येतो. त्याऐवजी दोन्ही डोळे उघडे ठेवून न वापरल्या जाणाऱ्या डोळ्यासमोर साधी पट्टी लावणे श्रेयस्कर. आठ-दहा सेकंदांहून अधिक काळ एकटक पाहिल्यास प्रतिमा फसवी होऊ लागते. अशा वेळी रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करणे हेच योग्य तंत्र होय.

श्वासाचा परिणाम उभ्या दिशेत दिसतो. झोपलेल्या स्थितीत श्वास आत घेतला की छाती व खांदा वर जातो, दस्ता उचलला जातो आणि नळीचे तोंड खाली जाते. श्वास सोडताना याच्या उलट घडते. लक्ष्यपत्रावर छिद्रांची उभी ओळ उमटली असेल, तर प्रत्येक वेळी श्वासाच्या वेगळ्या टप्प्यावर गोळी सुटली असण्याची शक्यता प्रथम पडताळावी. सहज श्वास सोडल्यानंतर पुढचा श्वास घेण्यापूर्वी एक नैसर्गिक विराम असतो. तो काही सेकंद लांबवून त्यातच गोळी सोडावी. छाती भरून श्वास कोंडून धरणे टाळावे.

चाप ओढण्याची क्रिया दिसायला सर्वांत लहान आणि परिणामाने सर्वांत मोठी आहे. बोटाच्या पेराने चापावर सरळ मागे, क्रमशः वाढणारा दाब द्यावा. बाकीच्या बोटांची पकड त्या वेळी बदलू नये. 'आता नेम जुळला' असे वाटताच चाप झटक्याने ओढण्याचा मोह नवशिक्याला होतो आणि त्या झटक्यात अख्खा हात आवळला जातो. चाप सुटणे, आघातसुई आदळणे आणि गोळी नळीबाहेर पडणे यांत काही सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या काळात रायफल हलल्यास आधीची सारी मेहनत वाया जाते. म्हणूनच गोळी सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद नेम, नजर व बोट जागीच ठेवण्याचा दंडक आहे.

एकाग्रतेचा भंग केवढा महाग पडतो, याचे उदाहरण अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांच्या कारकिर्दीत सापडते. २००४ साली अथेन्स येथे थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपूर्वी ते आघाडीवर होते. ती गोळी शेजारच्या लक्ष्यावर झाडली गेल्याने तिचे शून्य गुण झाले आणि ते आठव्या स्थानावर घसरले. २००८ साली बीजिंग येथे याच प्रकारात, पुन्हा आघाडीवर असताना, चाप अपेक्षेपूर्वी सुटला. ४.४ गुणांच्या त्या गोळीने त्यांना चौथ्या स्थानावर नेले. तंत्रात परिपूर्ण असलेल्या नेमबाजाकडूनही असे घडू शकते. यासाठी प्रत्येक गोळीपूर्वी लक्ष्याचा क्रमांक पाहणे, स्थिती तपासणे, श्वास व दाब हा क्रम न चुकता पाळावा लागतो.

४. ग्रुपिंग : मापनाचे शास्त्र

पाच गोळ्या एकाच नेमावर झाडल्यानंतर लक्ष्यपत्रावर छिद्रांचा जो पुंजका तयार होतो, त्याला रेंजवर 'ग्रुपिंग' म्हणतात. या पुंजक्यातून दोन भिन्न गोष्टी कळतात. पुंजका किती पसरला आहे, यावरून नेमबाजाचे सातत्य समजते. त्याचा मध्य लक्ष्यमध्यापासून किती दूर आहे, यावरून साइटची चूक समजते. पहिली उणीव सरावाने दूर होते, दुसरी साइटचा स्क्रू फिरवून. लहान पण एका कोपऱ्यात पडलेला पुंजका हा विखुरलेल्या, पण अधूनमधून मध्यभागी लागणाऱ्या गोळ्यांपेक्षा कितीतरी आश्वासक असतो. केवळ गुणांची बेरीज केल्यास हा भेद झाकला जातो.

येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे प्रत्येक गोळीनंतर साइट बदलणे. संख्याशास्त्राच्या भाषेत ही चूक नेमकी मांडता येते. समजा, प्रत्येक गोळीचे स्वाभाविक विचलन यादृच्छिक आहे. मागील गोळी जितकी चुकली, तितकी साइट उलट दिशेने फिरवत गेल्यास प्रत्येक गोळीत तिची स्वतःची आणि मागील गोळीची अशा दोन चुका मिसळतात. परिणामी प्रसरण दुप्पट होते आणि प्रमाण विचलन सुमारे १.४१ पट वाढते. गुणवत्ता नियंत्रणाचे अभ्यासक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळ्याच्या प्रयोगातून हेच तत्त्व दाखविले होते. सुधारणेच्या तळमळीने केलेला हस्तक्षेप येथे बिघाड वाढवितो.

याउलट पाच गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य काढल्यास त्या मध्याची अनिश्चितता एका गोळीच्या अनिश्चिततेच्या सुमारे ०.४५ पट उरते. दहा गोळ्या घेतल्यास ती सुमारे ०.३२ पट होते. म्हणून किमान पाच गोळ्यांचा पुंजका पाहिल्याशिवाय साइटला हात लावू नये. नंतर आडव्या व उभ्या दिशेतील सरासरी अंतर मोजून एकदाच दुरुस्ती करावी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी छात्रसेनेची जुनी लक्ष्यपत्रे घेऊन मध्य, प्रमाण विचलन आणि आडवे-उभे विचलन यांची तुलना केली, तर तो एक उत्तम लघुप्रकल्प होईल.

पुंजक्याचा विस्तार अंतराच्या प्रमाणात वाढतो. २५ मीटरवर २ सेंटिमीटरचा पुंजका केवळ भूमितीने ३०० मीटरवर २४ सेंटिमीटरचा होतो. प्रत्यक्षात वाऱ्यामुळे तो याहून मोठाच असतो. त्यामुळे जवळच्या अंतरावर पुंजका आवळला गेल्याशिवाय अंतर वाढविण्याची घाई करू नये.

पुंजक्याबरोबर 'शॉट कॉल' करण्याची सवयही लावावी. गोळी सुटल्याक्षणी साइट कोठे होती, हे आठवून नेमबाजाने लक्ष्य पाहण्यापूर्वीच गोळी कोठे लागली असेल ते सांगावे. अंदाज व वास्तव जुळत असेल, तर चूक नेमबाजाला कळलेली असते. जुळत नसेल, तर वारा, साइट, काडतूस किंवा चाप यांपैकी काहीतरी नजरेआड राहिले आहे, असे समजावे.

५. वारा, मृगजळ आणि परभणीची हवा :

रेंजवरील सारे घटक स्थिर करता येतात, वारा मात्र करता येत नाही. पॉइंट टू टू रायफलीच्या गोळीला ५० मीटरवर एक मीटर प्रतिसेकंद वेगाचा आडवा वारा सुमारे ६ ते ७ मिलिमीटर बाजूला नेतो. लक्ष्यावरील एका गुणाचे अंतर ८ मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकही एक गुण हिरावून घेऊ शकते, हे दिसते. ७.६२ मिलिमीटर रायफलीच्या वेगवान गोळीला ३०० मीटरवर तोच वारा सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर सरकवितो. अंतर दुप्पट झाले की हे विचलन साधारण चौपट किंवा त्याहून अधिक होते. दूर पल्ल्याच्या नेमबाजीत वाऱ्याचे वाचन निर्णायक ठरते ते यामुळेच.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. वारा गोळीच्या मार्गाला काटकोनात असेल, तर त्याचा पूर्ण परिणाम होतो. ३० अंशांच्या कोनात असेल तर निम्मा, ४५ अंशांत सुमारे सात दशांश. नळीतील आटे उजवीकडे फिरणारे असल्यास डावीकडून आलेला वारा गोळीला उजवीकडे व किंचित खाली नेतो, उजवीकडून आलेला वारा डावीकडे व किंचित वर नेतो. छिद्रे तिरप्या रेषेत पडण्याचे हे एक कारण होय.

वेग मोजण्याचे उपकरण नसले तरी शेतशिवारात वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ निरीक्षणाची शिदोरी असते. ब्यूफोर्ट मापनपद्धतीनुसार धूर तिरपा जातो, पण पान हलत नाही, तेव्हा वेग १.५ मीटर प्रतिसेकंदापर्यंत असतो. वारा चेहऱ्याला जाणवतो व पाने सळसळतात तेव्हा तो सुमारे १.६ ते ३.३ असतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात तेव्हा ३.४ ते ५.४, आणि धूळ व कागद उडू लागतात तेव्हा ५.५ ते ७.९ मीटर प्रतिसेकंद असतो. उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरातील मुलाला ही कोष्टके परकी वाटणार नाहीत. त्यांना आकड्यांची जोड देणे एवढेच काम अध्यापकाकडे उरते.

परभणी परिसरात उन्हाळ्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापलेल्या काळ्या जमिनीलगतची हवा विरळ होऊन वर उठते आणि दुर्बिणीतून पाहताना लक्ष्यासमोर लाटा वाहताना दिसतात. हेच रेंजवरील मृगजळ. वारा नसेल तेव्हा या लाटा सरळ वर उकळल्यासारख्या दिसतात. आडवा वारा सुटला की त्या त्याच्या दिशेने झुकतात आणि वारा जोराचा झाला की सपाट होतात. दुर्बीण लक्ष्याच्या थोडी अलीकडे केंद्रित केल्यास हा प्रवाह स्पष्ट दिसतो. मृगजळ नेमबाजाला दोन प्रकारे उपयोगी आणि एका प्रकारे घातक असते. ते वाऱ्याची दिशा व अंदाजे वेग सांगते, पण लक्ष्याची प्रतिमाही खऱ्या जागेपासून सरकविते. सकाळी हवा बहुधा शांत असते आणि ऊन वाढेल तसे झोत अनियमित होतात. त्यामुळे नवशिक्यांचे ग्रुपिंग सकाळी आणि वाऱ्याच्या वाचनाचा अभ्यास उशिरा, अशी वेळेची विभागणी करावी.

वाऱ्याला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. साइट फिरवून दुरुस्ती करणे, किंवा एक ठरावीक स्थिती निवडून तीच परत येईपर्यंत थांबणे. विद्यार्थ्यांसाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे. थांबण्याची शिस्त ही येथे तंत्राचाच भाग ठरते.

६. ग्रामीण महाविद्यालयातील प्रशिक्षणाची रूपरेषा :

काडतुसे, रेंज व शस्त्रे या तिन्ही बाबी खर्चिक असून शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत येतात. प्रत्यक्ष गोळीबार अधिकृत रेंजवर, जबाबदार अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीच होऊ शकतो. परंतु वर वर्णन केलेल्या घटकांपैकी शरीरस्थिती, नैसर्गिक रोख, श्वास, चाप, गोळीपूर्व क्रम, ग्रुपिंगचे गणित व वाऱ्याचे निरीक्षण यांपैकी कशासाठीही काडतूस लागत नाही.

स्थितीचा सराव सुताराकडून करवून घेतलेल्या लाकडी प्रतिकृतीवर होऊ शकतो. भिंतीवर लावायचे लक्ष्य प्रमाणात लहान करावे. ५० मीटरच्या लक्ष्यावरील काळ्या भागाचा व्यास ११२.४ मिलिमीटर असतो. म्हणून ५ मीटर अंतरावर सुमारे ११ मिलिमीटरचा काळा ठिपका डोळ्याला तेवढाच दिसतो. वर्गखोलीच्या लांबीत ही सोय सहज होते. चापाचा कोरडा सराव छात्रसेनेच्या रायफलीवर, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत व परवानगीनेच करावा. रिमफायर रायफलीत रिकाम्या कक्षावर आघातसुई पाडल्यास इजा पोचू शकते, म्हणून नकली काडतूस वापरावे. नळीवर नाणे ठेवून ते न पडता चाप सोडण्याचा जुना व्यायाम आजही तितकाच उपयुक्त आहे.

आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास असा सराव एका सत्रभर चालविता येईल. पहिल्या महिन्यात केवळ झोपलेली स्थिती व नैसर्गिक रोख घ्यावा. दुसऱ्यात श्वास व चाप, तिसऱ्यात गुडघ्यावरील व उभी स्थिती आणि चौथ्यात पूर्ण क्रम वेळेच्या मर्यादेत घ्यावा. पाठ, पोट व खांद्यांच्या बळकटीचे व्यायाम सोबत चालू ठेवावेत. स्वप्नील कुसाळे २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, तेव्हा पहिले वर्ष शारीरिक तयारीचे होते आणि नेमबाजीची निवड त्यानंतर झाली. अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन त्यांना पुढे लाभले. एका पिढीचा अनुभव दुसऱ्या पिढीपर्यंत पोचविणारी व्यवस्था गुणवत्तेइतकीच आवश्यक असते, असे यावरून म्हणता येईल.

प्रत्येक विद्यार्थ्याने नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, हवामान, वाऱ्याची दिशा, स्थिती, शॉट कॉल, पुंजक्याचा व्यास व त्याचा मध्य यांची नोंद असावी. गोळ्या मोजक्याच मिळणार असल्याने प्रत्येक गोळीतून जास्तीत जास्त माहिती काढणे हाच काटकसरीचा खरा अर्थ होय. वर्षातून एकदा दहा गोळ्या झाडणाऱ्या, पण त्यापूर्वी शेकडो वेळा कोरडा चाप सोडलेल्या विद्यार्थ्याला त्या दहा गोळ्यांतून बरेच काही शिकता येते. तयारीविना आलेल्याला तेवढ्याच गोळ्यांतून केवळ गुण मिळतात.

सुरक्षिततेच्या नियमांत तडजोड नसावी. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे मानावे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने असावे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. रेंज अधिकाऱ्याची आज्ञा मिळताच गोळीबार थांबवावा. कानांना संरक्षण असल्याशिवाय रेंजवर उभे राहू नये.

निष्कर्ष :

१) दूर पल्ल्याच्या नेमबाजीतील अचूकता प्रामुख्याने स्थिती, श्वास, चाप व क्रम यांतील सातत्यावर अवलंबून असते. दृष्टीची तीक्ष्णता व शस्त्राची किंमत यांचे स्थान दुय्यम आहे.

२) पुंजक्याचा विस्तार व त्याचे स्थान या दोन बाबी स्वतंत्रपणे मोजाव्यात. एकेका गोळीवरून साइट बदलल्याने विखुरणे वाढते.

३) अंतर वाढेल तसा वाऱ्याचा परिणाम अंतराच्या वर्गाच्या आसपास वाढत जातो. त्याचे वाचन हे निरीक्षणाने शिकता येणारे कौशल्य आहे आणि ग्रामीण विद्यार्थ्याला त्याची पूर्वतयारी घरातूनच मिळालेली असते.

४) तंत्राचा मोठा भाग काडतुसाविना शिकविता येतो. त्यामुळे रेंजचा अभाव हे प्रशिक्षण सुरू न करण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

५) शारीरिक शिक्षण, राष्ट्रीय छात्र सेना, पदार्थविज्ञान व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन असा उपक्रम हाती घेतल्यास झरीच्या विद्यार्थ्याला आपली गोळी डावीकडे का गेली, या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी, त्याच लक्ष्यपत्रावर दाखविता येईल. पदके त्यानंतरची गोष्ट आहे. चुकीचे कारण शोधून ती मोजण्याची सवय मात्र विद्यार्थ्याला कोणत्याही विद्याशाखेत उपयोगी पडणारी आहे.